नेत्रदानाचा स्टँडी : पुठ्ठ्यावर नेमकं काय लिहाल?

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा देशभर पाळला जातो. बऱ्याचदा गणपतीही याच सुमारास येतात. पुणे असो, बडोदा असो की हैदराबाद, मांडवात येणाऱ्यांपर्यंत हा विषय पोहोचवायला पुठ्ठ्याचा स्टँडी हा सोपा, स्वस्त मार्ग आहे. सोसायटीतली मुलं आणि मोठी माणसं मिळून तो घरीच करू शकतात.

आधी मजकूर
'नेत्रदान श्रेष्ठदान' हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. अडतं ते दुसरीकडेच. फॉर्म भरलेला असतो, पण माणूस गेल्यावर रडारड, नातेवाइकांना फोन, अंत्यविधीची तयारी यात नेत्रपेढीला कळवायचं राहून जातं. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं आणि तेव्हा संमती द्यायची असते घरच्यांनी. म्हणून स्टँडी घरच्यांशी बोलला पाहिजे.

सर्वांत मोठी ओळ एकच : 'सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करा'. खाली जवळच्या नेत्रपेढीचा नंबर. छापण्याआधी तो स्वतः लावून पाहा. त्याखाली फोननंतरची कामं : पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. महाराष्ट्राबाहेर असाल तर हाच मजकूर तिथल्या भाषेतही हवा.

मग चित्र
केविलवाणा चेहरा नको. चष्मा लावलेली, हसरी आजी काढा. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं किंवा मधुमेह असला, तरी नेत्रदान करता येतं. 'माझे डोळे आता कोणाला चालणार?' असं म्हणणाऱ्यांना चित्रातूनच उत्तर मिळेल.

आता पुठ्ठा
• फ्रिज किंवा वॉशिंग मशिनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. आतल्या पन्हळी उभ्या राहतील असा कापा. आडव्या राहिल्या तर स्टँडी मध्येच वाकतो.
• उंची पाच फूट पुरे. मुख्य ओळ आणि नंबर उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावेत, पायाशी नकोत.
• दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान इंचभर उंच हवं. वेलांट्या, उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींत मोकळी जागा सोडा.
• बाहेर छापून घेणार असाल तर फॉन्टचे आउटलाइन करून पीडीएफ द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. नमुना वाचल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.
• कागद एकाच बाजूला चिकटवला की वाळताना पुठ्ठा वाकतो. मागेही साधा कागद चिकटवा.
• मागे त्रिकोणी टेकू लावा आणि तळाशी वाळूची पिशवी ठेवा. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा स्टँडी छपराखालीच हवा. कटरचं काम मोठ्यांनी करावं.

मांडवात शेजारी एक स्वयंसेवक उभा करा. येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगा : नंबरचा फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका आणि आपली इच्छा आज जेवताना घरात बोलून दाखवा. एका माणसाच्या नेत्रदानातून दोघांना दृष्टी मिळू शकते. पण वेळेवर तो फोन घरच्यांनाच करायचा असतो.