रंग हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

जासईच्या आसपास, उरण-पनवेलच्या खाडीकांठीं, मीठ पिकविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें बंदर सुरू झालें आणि या भागाचें रूप पालटलें. तरी मिठागराचा एक धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. खारें पाणी आटून दाट होऊं लागलें म्हणजे त्यावर पुष्कळदां तांबूस छटा चढते. ती मिठाची नव्हे, त्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची होय. मागाहून हातीं येणारें मीठ करडें दिसतें. तो करडेपणा चिखलाचा. तेंच मीठ विरघळवून, गाळून पुन्हां आटविलें असतां शुभ्र स्फटिक मिळतात. एकाच क्षाराला तीन रंग, आणि त्यांपैकीं दोन उसने!

परीक्षा जवळ आली कीं मुलें क्षारांच्या रंगांचें कोष्टक घोकतात: मोरचूद निळा, हिराकस हिरवा, तुरटी पांढरी. पाठांतर वाईट नव्हे. परंतु तेवढ्यावरच थांबणें अहितकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मोरचूद तापवावा, स्फटिकांतील पाणी निघून जातें व तो पांढरा पडतो. त्यावर पाण्याचे थेंब पडतांच निळाई परत येते. म्हणजे हा रंग एकट्या तांब्याचा नव्हे, पाण्याच्या संगतीचाही आहे. हिराकसाचा फिकट हिरवा द्राव उघडा ठेवावा. हवेंतील प्राणवायूनें तो हळूहळू पिवळसर तपकिरी होतो. कोष्टकांतील रंग मात्र आहे तसाच राहतो!

याहून गंभीर गोष्ट पांढऱ्या क्षारांची. प्रयोगशाळेंतील बेरियम क्लोराइड मिठाशेजारीं ठेवलें तर डोळ्यांना भेद कळणार नाहीं. दोहोंचे द्रावही सारखेच रंगहीन. परंतु एक आपल्या रोजच्या अन्नांतलें, तर दुसरें विषारी. म्हणून तेथील कोणताही पदार्थ जिभेवर ठेवूं नये. शिक्षकांच्या देखरेखीखालीं दोहोंचे कण प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन ज्वालेंत धरावे. मीठ पिवळा रंग दाखवितें, बेरियम हिरवा. दिवाळींतील हिरव्या चंद्रज्योतीचें रहस्य हेंच. ज्वालेच्या अशाच रंगांचें पृथक्करण करून बुन्सेन व किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८६० सालीं सीझियम व १८६१ सालीं रुबिडियम हीं नवीं मूलद्रव्यें शोधून काढिलीं.

यास्तव पालकांना आमची विनंति आहे कीं, मुलाला किती गुण मिळाले एवढेंच न विचारतां, त्यानें स्वतःच्या हातांनीं कोणता प्रयोग केला, हेंही विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, रंगाची साक्ष अवश्य घ्या. परंतु उलटतपासणी केल्यावांचून निकाल देऊं नका. ही संवय प्रयोगशाळेंत लागली तर ती जन्मभर उपयोगीं पडेल.