दावा कोटींचा, वर्णन मूठभर

औषधाच्या पेटंटमध्ये पुष्कळदा एक आकृती असते. मधे रेणूचा सांगाडा, त्याच्या टोकांना आर-1, आर-2, आर-3 अशी अक्षरे आणि खाली यादी: या जागी यांपैकी काहीही चालेल, त्या जागी त्यांपैकी काहीही. यूजीन मार्कुश यांच्या 1924 सालच्या अमेरिकी पेटंटवरून अशा मांडणीला ‘मार्कुश दावा’ म्हणतात. पर्यायांचा गुणाकार केला की संयुगांची संख्या कोटींत जाऊ शकते. प्रयोगशाळेत खरोखर बनवून तपासलेली संयुगे त्या मानाने मूठभरच. सात-बारा एका एकराचा आणि कुंपण साऱ्या शिवाराला, असा हा प्रकार आहे.

मिथाइलच्या जागी इथाइल बसवून कोणी पेटंट चुकवू नये, म्हणून थोडी मोकळीक रास्तच आहे. पण आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 10 स्पष्ट सांगते: शोधाचे वर्णन पूर्ण आणि नेमके हवे, तो अमलात आणण्याची उत्तम रीत उघड करायला हवी आणि दावे त्या वर्णनावरच आधारलेले हवेत. वीस वर्षांची मक्तेदारी समाज देतो ती या माहितीच्या बदल्यात.

रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेकच्या खटल्यात हाच प्रश्न ऐरणीवर आला. आपल्याच जुन्या झिमरमन पेटंटच्या दाव्याच्या कक्षेत ग्लिवेकमधील इमॅटिनिब मेसिलेट येते, पण त्यात ते उघड केलेले नाही, असा ते औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिसचा युक्तिवाद होता. मात्र त्याच जुन्या पेटंटच्या आधारे नोव्हार्टिसने नॅटको या भारतीय औषध कंपनीला ब्रिटनमध्ये नोटीस पाठवली होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने 1 एप्रिल 2013 रोजी दावा आणि उघड केलेली माहिती यांत एवढी दरी मानायला नकार दिला. त्या वेळी महिन्याचे औषध कंपनीकडून सुमारे 1 लाख 20 हजारांना पडे, भारतीय पर्याय आठ-दहा हजारांत मिळे.

तरी वाद थांबलेला नाही. स्नायू क्षीण करणाऱ्या एसएमए या जनुकीय आजारावरील रिस्डिप्लामवरून रोश आणि नॅटको या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या. आधीच्या पेटंटमधील संयुगात केलेला फेरफार जाणकाराला सुचण्याजोगाच आहे, असे प्रथमदर्शनी मत देऊन खंडपीठाने ऑक्टोबर 2025 मध्ये रोशला मनाई हुकूम नाकारला. निकाल स्वागतार्हच, पण तोवर एसएमए झालेल्या मुलांच्या पालकांपुढे एका बाटलीला सहा लाखांच्या घरातली किंमत होती.

ही छाननी न्यायालयात पोचेपर्यंत का थांबावी? दाव्यातल्या प्रत्येक मोठ्या गटातील काही संयुगांची कृती आणि चाचणीचे आकडे पेटंट कार्यालयाने अर्जाच्या वेळीच मागावेत. नसतील तर दावा तेवढा कापावा. अपुरे वर्णन हे कलम 25 नुसार मंजुरीपूर्व विरोधाचे स्वतंत्र कारण आहे आणि तो विरोध कोणीही नोंदवू शकतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेमुळे पुण्याला कार्बनी रसायन जाणणाऱ्यांची वाण नाही. शनिवार पेठेत राहणारा एखादा निवृत्त संशोधकही घरबसल्या असा अर्ज वाचून त्यातली उणीव दाखवू शकेल. पण मार्च 2024 च्या नियमांनी अशा विरोधाला शुल्क लावले आणि तो ग्राह्य आहे की नाही हे आधी पेटंट नियंत्रक ठरवणार, अशी अटही घातली. कंपन्यांना ते शुल्क जाणवणारही नाही; रुग्ण आणि निवृत्तिवेतनधारक मात्र त्यापाशी अडतील. रुग्ण, त्यांच्या संघटना आणि एकेकटे नागरिक यांच्यापुरते तरी ते केंद्राने रद्द करावे.