अभ्यासिकेतील कुजबुज आणि भौतिकशास्त्र

निवासी शाळेतील सायंकाळची अभ्यासिका शांत असावी, असा आपल्याकडे रूढ संकेत आहे. पाहुणे येतात, रांगेने बसून पुस्तकात डोके घातलेली मुले पाहतात आणि शिस्तीचे कौतुक करून जातात. ही शांतता वाचनाला, पाठांतराला, निबंधलेखनाला उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राचा अभ्यास केवळ शांततेत होतो काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे आम्हाला ठेवावयाचा आहे. आमचे मत असे की, तो होत नाही. उदाहरण अडले असता शेजारच्या विद्यार्थ्याला विचारणे आणि त्याने ते समजावून देणे ही सवलत नव्हे. तो अभ्यासाचाच भाग आहे. म्हणून त्याला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली पाहिजे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि अभ्यासिकेवर देखरेख करणाऱ्याला सर्वच विषयांतील अडचणी दिसतात. इतिहासाच्या धड्यात एखादे वाक्य कळले नाही तरी मूल पुढे वाचत जाते. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात पहिल्याच पायरीवर अडलेले मूल तेथेच थांबते आणि पान उलटते. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तेथे अशा वेळी वडील, मोठी बहीण, खासगी शिकवणी असे काही ना काही हाताशी असते. आपल्या कित्येक मुलांच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच माणूस असते. रात्री आठ वाजता त्याच्या हाताशी असतो तो फक्त शेजारी बसलेला वर्गमित्र. त्यालाही विचारावयाचे नाही, असा नियम केला तर त्या मुलाने जावे कोठे?

या विचारपुशीतून काय साधते, हे एका परिचित उदाहरणावरून पाहू. सेकंदाला 19.6 मीटर वेगाने दगड सरळ वर फेकला तर तो किती उंच जाईल व तेथे किती वेळात पोहोचेल? सूत्रात किमती घातल्या की 19.6 मीटर व 2 सेकंद अशी उत्तरे येतात, आणि ती अचूक काढणारी मुले पुष्कळ असतात. मग त्यांनाच विचारावे की, अगदी वरच्या टोकाला दगडाचे त्वरण किती? वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, असे उत्तर सहज येते. अशा वेळी शेजारचा मुलगा म्हणतो, "अरे, त्वरणही शून्य झालं तर दगड तिथेच लटकून राहील की! मग खाली येईल कशाने?" या एका प्रश्नाने जे उमगते, ते दहा उदाहरणे उतरवून उमगत नाही. गुरुत्व त्वरण वाटभर तेवढेच, 9.8 आणि खालच्याच दिशेने असते, हे त्या मुलाला आता स्वतःच्या बुद्धीने कळलेले असते.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांच्या जगण्याला अधिक जवळचे आहे. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या माणसाने गुरुत्वबलाविरुद्ध केलेले कार्य शून्य, असे वर्गात शिकवले जाते. ज्या मुलीची आई बांधकामावर विटा वाहते, तिला हे वाक्य बोचते. आई दिवसभर राबते आणि पुस्तक म्हणते, कार्य शून्य! ही मुलगी भर वर्गात हात वर करीलच असे नाही. मैत्रिणीपाशी मात्र ती बोलते. मैत्रीण सांगते, "अगं, पाटी जमिनीवरून डोक्यावर घेताना आई कार्य करतेच. जिना चढताना पुन्हा करते. सपाट चालताना पाटी वर जात नाही, म्हणून तेवढ्यापुरतं शून्य. दमणं वेगळं आणि हे कार्य वेगळं." मग दोघी हिशेब मांडतात. 15 किलोग्रॅमची पाटी दीड मीटर उचलली, तर 15 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 220.5 ज्यूल, आणि अशा पाट्या दिवसाला कितीतरी. आईच्या कष्टाचा अवमान वाटलेले वाक्य त्या कष्टाचा एक भाग मोजण्याचे साधन होते. शिक्षकालाही हे सांगता येते; पण त्यासाठी प्रश्न आधी त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो.

येथे काही पालक एक रास्त शंका घेतात. आपला हुशार मुलगा इतरांना शिकवीत बसला, तर त्याच्या गुणांचे काय? या शंकेचे उत्तर नववीच्या एका उदाहरणातच आहे. 6 ओहम व 3 ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर परिणामी रोध किती? हुशार मुलगा सूत्राने 2 ओहम हे उत्तर काढून मोकळा होतो. मित्र विचारतो, "दोन रोध जोडले, तरी रोध कमी कसा झाला? लहानातल्या लहानाहूनही कमी?" आता सूत्र पाठ असणाऱ्याला थांबावे लागते. विचार करून तो सांगतो की, विद्युतधारेला दुसरी वाट मिळाली, म्हणून अडथळा घटला. दोन्ही रोध 3 ओहमचे असते तर उत्तर दीड आले असते. एक त्याहून मोठा आहे, म्हणून उत्तर दीड आणि तीन यांच्या मध्येच हवे. उत्तर तपासण्याची ही रीत त्याला मित्राच्या अडाणी वाटणाऱ्या प्रश्नाने दिली. येथे वेळ वाया गेला असे कोण म्हणेल?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांना 1990 च्या सुमारास असाच अनुभव आला. आकडेमोडीची अवघड उदाहरणे सोडवणारे त्यांचे विद्यार्थी बल व गती यांविषयीच्या साध्या शाब्दिक प्रश्नांत अडखळत होते. तेव्हा त्यांनी तासाची रीतच बदलली. प्रत्येकाने आधी आपले उत्तर ठरवावयाचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करून त्याला पटवावयाचे आणि पुन्हा उत्तर द्यावयाचे. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला ती कोठे अडते हे ताजे आठवत असते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी होते.

आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावा असा दाखला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आहे. 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी तेथे कलनशास्त्र शिकणाऱ्या कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात ते तयारी, इच्छा किंवा घरचे पाठबळ कमी म्हणून, असा तेथील अध्यापकांचा समज होता. निरीक्षणात तो टिकला नाही. ते विद्यार्थी कष्टाळू होते. परंतु एकेकटे अभ्यास करीत होते. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः अभ्यास करीत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उदाहरणे तपासत. ट्राइसमन यांनी पुढे विद्यार्थ्यांना एकत्र बसवले आणि सोपी नव्हे तर अवघड उदाहरणे दिली. निकाल सुधारला. कमी होती ती बुद्धीची नव्हे, सोबतीची. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले, त्या परंपरेतील संस्थांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. वसतिगृह निवारा व अन्न देते. तसेच ते अभ्यासाची सोबतही देते. ही सोबत आपण नियमाने बंद करू नये.

तथापि इतिहास एक इशाराही देतो. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत रुजवली आणि 1797 मध्ये तिचा वृत्तान्त इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. थोड्या खर्चात एका शिक्षकाकडून शेकडो मुले सांभाळता येतात, हे तिचे मोठे आकर्षण ठरले. त्यात मोठा मुलगा सांगितलेले पुढे पोहोचवी. प्रश्नाला फारशी जागा नव्हती. आम्ही सुचवतो ती मदत अशी नव्हे. विज्ञान शिक्षकाचे पद रिकामे ठेवण्यासाठी तिची सबब कोणी करू नये. चुकीचे स्पष्टीकरणही कानोकानी पसरते; म्हणून या वेळेत विषयशिक्षक अभ्यासिकेत हजर असलाच पाहिजे.

दहावीनंतर तर ही सवय अधिकच उपयोगी पडते. मराठी माध्यमाचे मूल अकरावी विज्ञानात जाते, तेव्हा चाल, वेग, त्वरण, संवेग हे शब्द एकाएकी स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम होतात. कल्पना ओळखीची, नाव अनोळखी. एकट्याला विषयच नवा वाटू लागतो व तो शाखा बदलण्याचा विचार करतो. विचारण्याची लाज शाळेतच गेलेली असेल, तर तो तेथेही दोन सोबती शोधतो.

म्हणून आमची सूचना थोडक्यात अशी. आठवड्यातून तीन संध्याकाळी चाळीस मिनिटे बोलत्या अभ्यासासाठी राखावीत. प्रत्येकाने उदाहरण आधी स्वतः करून पाहावे, मगच विचारावे. वही पुढे सरकवणे ही मदत नव्हे. लेखणी विचारणाऱ्याच्याच हाती राहावी. समजावणारे आलटून पालटून बदलावेत, म्हणजे कोणी कायमचा हुशार आणि कोणी कायमचा ढ ठरणार नाही. व्हरांड्याच्या भिंतीवर दोन-तीन फळे रंगवून घ्यावेत. याला खर्च असा फारसा नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला पंखे, कपाटे, पुस्तके देता त्याबद्दल शाळा ऋणी आहेच. पुढच्या खेपेस त्या चाळीस मिनिटांतही या. तुमच्यात अभियंते आहेत, वायरमन आहेत, परिचारिका आहेत, गॅरेज चालवणारेही आहेत. मुलांच्या शेजारी बसा, त्यांचे उदाहरण ऐका आणि उत्तर सांगण्याआधी एवढेच विचारा, "तुला काय वाटतं? का वाटतं?"