सेवेपूर्वींचें शिक्षण

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत परवां वाद झाला. संख्याशास्त्र शिकून सार्वजनिक आरोग्याच्या कामांत पडावें, असें नातीच्या मनांत आहे. आजोबांचें म्हणणें, ''सेवा करावयाची तर वस्तींत जावें. आकडेमोडीनें कोणाचें दुःख हलकें झालें आहे?'' उभयतांनीं आम्हांस पंच नेमलें. निवाड्यापूर्वीं आपल्या पुण्यांतीलच एक जुनी हकीकत सांगतों.

१८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले विलायतेंत होते. प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोल्जरांच्या वर्तनाविषयीं त्यांस पुण्याहून पत्रें गेलीं. त्यांवर विसंबून त्यांनीं तिकडे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला, तेव्हां पत्रें लिहिणारांपैकीं कोणी पुढें येईना. गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली. लोकांचे हाल झाले नव्हते असें नव्हे. पण पुराव्यावांचून केलेल्या आरोपाबरोबर खरी तक्रारही बुडते.

तेच गोखले १९०२ सालीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हां त्यांनीं सरकारचेच आकडे सरकारपुढें मांडले. तिजोरींतील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून जरुरीहून अधिक कर घेतल्याची आहे, हें त्यांनीं दाखविलें. पुढल्याच वर्षीं मिठावरील कर मणीं अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो सर्वस्वीं त्या भाषणाचा परिणाम, असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या आकड्यांस उडवून लावणें कोणास शक्य नव्हतें. १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां सभासदांस पांच वर्षांची उमेदवारी त्यांनीं उगीच लाविली नाहीं.

त्यांच्या नांवाची अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं येथें निघाली. धनंजयराव गाडगिळांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९३६-३७ मध्यें पुणें शहराची पाहणी केली. हें काम कचेरींत बसून होत नाहीं. त्यासाठीं दारोदार जाऊन विचारावें लागतें.

आणि विचारणें हीच खरी विद्या आहे. कुटुंब म्हणजे कोण? पाहणींत सामान्यतः एका चुलीवर जेवणारीं माणसें एक कुटुंब धरतात. तेव्हां त्याच वाड्यांत वेगळी चूल मांडलेला भाऊ वेगळा मोजावा लागतो. ''घरीं मिळवतें कोण?'' असें विचारलें, तर वडील मंडळी पुरुषांचींच नांवें सांगतात. पापड लाटून चार पैसे आणणारी सून राहून जाते. कागदावर जी नाहीं, तिच्यासाठीं योजना तरी कोण आंखणार? हें राहून गेलेलें कोणत्याही गणितानें मागाहून भरून निघत नाहीं.

तेव्हां आमचा निवाडा असा : नातीनें अवश्य शिकावें, आणि आजोबा सांगतात त्या वस्तींतच वही घेऊन जावें. आजोबांकडेही एक मागणें आहे. उद्यां अशीच कोणाची नात आपल्या दारीं प्रश्न विचारावयास आली, तर तिला उंबऱ्यावरून वाटेस लावूं नये. बसावयास पाट द्यावा, आणि सुनांनाही बाहेर बोलवावें.