पुढचा मंगळवार कोणाचा?

मागच्या रविवारी आमच्या भिवंडीच्या घरी ऐन जेवणात एका फोटोवरून खडाजंगी झाली. फोटो दादाच्या मोबाइलमध्ये होता. क्रीम कलरच्या लेदर सीट्स, चकाचक लाकडी टेबल, खिडकीबाहेर विमानाचा पंख... आणि एकूण सीट्स आठ. "हे उडवायला बोलावतायत मला," दादा म्हणाला. मी मनातल्या मनात 'वॉव' म्हणून मोकळी झाले. काकूने मात्र चष्मा लावून फोटो दोनदा बघितला आणि विचारलं, "आत्ता तू एकशे ऐंशी माणसं नेतोस ना रे? मग हे आठ माणसांचं घेतलंस, तर पुढे गेलास की मागे?"

बॉस, काय प्रश्न आहे! गेले आठ दिवस मी तोच घेऊन फिरतेय.

आधी थोडी ओळख. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वय एकतीस, एका एअरलाइनमध्ये को-पायलट. काका भिवंडी डेपोत एसटी ड्रायव्हर होते. गावाकडची जमीन गोदामांच्या पट्ट्यात आली, तेव्हा कोणी त्या पैशात बंगला बांधला, कोणी फॉर्च्युनर घेतली. काकांनी मुलाला पायलट केलं. लायसन्ससाठी दोनशे तासांचं फ्लाइंग, मग एअरबस चालवायचं वेगळं ट्रेनिंग. गोदाम भरेल एवढा पैसा लागला. त्यामुळे दादाच्या करियरमध्ये आमच्या घरातल्या प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे, आणि तो हक्क सगळे बजावतात.

पायलट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गॉगल, चार पट्ट्यांचा युनिफॉर्म, ट्रॉली बॅग, फाइव्ह स्टार हॉटेल. दादाची खरी लाईफस्टाईल ऐका. पहाटे अडीचला कॅब दारात. दिवसाला कधी दोन, कधी चार सेक्टर, म्हणजे चार वेळा टेक-ऑफ आणि चार वेळा लँडिंग. जेवण फॉइलच्या डब्यातून, मांडीवर. भिवंडीहून एअरपोर्ट फार लांब नाही, पण नाशिक हायवेवर ट्रेलरची रांग लागली की तासाचं गणित दोन तासांवर जातं. म्हणून त्याने मरोळला दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतलाय. आकाशातून तो महिन्यातून दहादा आमच्या घरावरून जात असेल, घरी येतो तीनदा.

आता दुसरी बाजू. प्रायव्हेट जेटवर उड्डाणाचे तास एकंदर कमी. रोज त्याच त्या पाच शहरांच्या फेऱ्या नाहीत. आज दिल्ली, परवा उदयपूर, सीझनला मालदीव. साहेब लग्नाला गेले की तीन दिवस तुम्ही त्याच गावात मस्तपैकी हॉटेलात. छोट्या धावपट्ट्या, वेगवेगळं हवामान, त्यामुळे हाताने विमान उडवायची मजाही जास्त. आणि मागे बसलेला माणूस तुम्हाला नावाने ओळखतो.

पण इथे ग्राउंड स्टाफचा ताफा नसतो. एअरलाइनमध्ये हवामान, इंधन, वजन, मार्ग यांचे कागद तयार करायला एक अख्खं डिपार्टमेंट बसलेलं असतं. जेटवर बरंच काही दोन पायलटांच्या गळ्यात. परवानग्या आल्या का, सामान नीट बसलं का, इतकंच काय, साहेबांच्या आवडीचा चहा चढवला का! साहेबांना सोडून बऱ्याचदा विमान रिकामंच परत आणायचं. मुंबईत तर गर्दीच्या तासांत बिझनेस जेट्सवर निर्बंध असतात, त्यामुळे तुमची वेळ साहेब ठरवणार आणि साहेबांची वेळ एअरपोर्ट!

गंमत म्हणजे हा चॉइसच तसा नवा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा मालकही तेच आणि पायलटही तेच. सुट्टी कोणाकडे मागायची, हा प्रश्नच नव्हता! पुढे विमान कंपन्या सरकारी झाल्या. आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये फक्त महिला क्रू असलेल्या विमानाचं नेतृत्व केलं, ते इंडियन एअरलाइन्सचं. त्या काळात पायलट म्हणजे बहुतेक सरकारी नोकरीच. १९९४ मध्ये कायदा बदलला, खासगी एअरलाइन्सना रीतसर दार उघडलं आणि 'इथे की तिथे' हा डोक्याचा भुगा सुरू झाला.

"एअरलाइन म्हणजे सिक्युरिटी," असं मी दादाला छातीठोकपणे सांगणार होते. पण त्याने मला एका सीनियरशी फोन जोडून दिला. हे गृहस्थ पूर्वी एअरलाइनमध्ये कॅप्टन होते, आता एका कंपनीचं जेट उडवतात. माझं वाक्य ऐकून ते मनापासून हसले. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. अकरा वर्षांत तीन मोठी नावं! "एअरलाइनमध्ये तुमचा सीनियॉरिटी नंबर असतो," ते म्हणाले. "रोस्टर, प्रमोशन, डावीकडची खुर्ची, सगळं त्या नंबरावर. कंपनी बुडाली की तो नंबर रद्दीत. मग दुसरीकडे पुन्हा शेवटून पहिला."

मग प्रायव्हेट जेट सेफ? "छे! तिथे एक विमान, एक मालक. मालकाने विमान विकायला काढलं की आमचा निरोप समारंभ."

म्हणजे सिक्युरिटीच्या मुद्द्यावर सामना बरोबरीत. उरली लाईफस्टाईल. आणि इथे खरी मेख आहे.

डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत. रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोनवर. हे २०२५ मध्ये दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये लागू झालं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, कदाचित तुम्ही स्वतःच एअरपोर्टवर अडकला असाल. नव्या नियमांत बसेल एवढ्या क्रूची तजवीज झाली नव्हती, इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि शेवटी कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. तेव्हा टीव्हीवर प्रवासी ओरडत होते, आणि मी दादाकडे बघत होते. दोन रात्री सलग झोपलेला माणूस विमान चालवतोय की नाही, हा प्रश्न त्या गोंधळात कोणाच्याच तोंडी नव्हता.

ड्यूटीच्या तासांची मर्यादा चार्टरवाल्यांनाही आहे. पण किती तास काम करायचं हे ठरवणारा नियम वेगळा, आणि फोन कधी वाजणार हे सांगणारं रोस्टर वेगळं. एअरलाइनचं रोस्टर राक्षसी असेल, पण ते आधी हातात पडतं. पहाटे अडीचची कॅब आहे, हे आधीच कळतं. जेटवर 'स्टँडबाय' म्हणजे तुम्ही सोफ्यावर पिक्चर बघताय, पण बॅग भरलेली, युनिफॉर्मला इस्त्री केलेली आणि फोन मांडीवर. वर एअरपोर्टला झटपट पोहोचता आलं पाहिजे. म्हणजे भिवंडीत राहायचं स्वप्न इथेही कट!

आणि दादाला भिवंडीच हवीय. कारण काकांचं डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, ठाण्याला. चार तास मशीनवर, येण्याजाण्याचे वेगळे. गुरुवार-शनिवार मी आणि काकू वाटून घेतो. मंगळवार दादाला हवा असतो. दर वेळी जमत नाही. पण रोस्टर आलं की तो सुट्टी मागतो, कोणाशी ड्यूटी बदलतो, आणि महिन्यातले दोन तरी मंगळवार तो बापाच्या शेजारी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत असतो. नवी ऑफर ऐकून त्याला वाटलं होतं, तास कमी म्हणजे मंगळवार जास्त. साधा हिशेब!

रविवारी जेवताना काका सगळं ऐकत होते. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना, त्यामुळे ग्लास हातात धरून बराच वेळ बसतात. शेवटी बोलले. त्यांचा एक दोस्त होता डेपोतला. एसटी सोडून एका शेठची गाडी चालवायला गेला. एसी गाडी, दिवाळीला जास्तीची मिठाई, शेठचा हात खांद्यावर. "आमच्या नशिबी मुक्कामी गाडी, खेड्यातल्या स्टँडवर डासांबरोबर झोपायचं. तो आम्हाला हसायचा," काका म्हणाले. "पण मला एकदा ब्रेक कमी वाटले, मी गाडी डेपोतून काढली नाही. वहीत लिहून सही केली. साहेब चिडला, पण त्याला दुसरी गाडी द्यावी लागली. त्या दोस्ताला शेठने भर पावसात रात्री कसारा घाटातून नाशिकला न्यायला लावलं. दोन तास थांबू म्हणायची त्याची छाती झाली नाही. काही झालं नाही, पोचले. पण त्याच्याकडे लिहायला वहीच नव्हती."

एकदम शांतता. काकूने उगाचच भाताचं पातेलं सरकवलं.

मी त्या सीनियर कॅप्टनना नंतर हेच विचारलं. त्यांनी फाटे फोडले नाहीत. कायद्याने शेवटचा शब्द कॅप्टनचाच, विमान एकशे ऐंशी सीट्सचं असो की आठ. फरक इतकाच की एअरलाइनचा मालक कुठेतरी काचेच्या इमारतीत असतो, आणि जेटचा मालक तुमच्या पाठीमागे चार पावलांवर, घड्याळ बघत. "चांगला मालक 'नाही' ऐकून घेतो. माझा घेतो. मी जॉइन व्हायच्या आधीच दोन गोष्टी कागदावर घेतल्या. पंधरा दिवस ड्यूटी, पंधरा दिवस सुट्टी. आणि हवामानावर माझा निर्णय फायनल." ते खुशीत आहेत. मुलीच्या प्रत्येक गॅदरिंगला हजर असतात. म्हणजे प्रायव्हेट जेट वाईट, असा फंडा अजिबात नाही. त्यांच्याकडे वही आहे, एवढंच.

सोमवारी दादाने ऑफर देणाऱ्यांना मेल टाकला. पगाराबद्दल एक शब्द नाही. महिन्यातले दोन ठरलेले मंगळवार सुट्टी, लेखी. उत्तर मेलने आलं नाही, फोनने आलं. खूप प्रेमळ फोन होता. "अरे, आपलं फॅमिलीसारखं आहे. मंगळवारचं काय घेऊन बसलास, अ‍ॅडजस्ट करू की!" दादाने पुन्हा विचारलं, लिहून द्याल का? पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि विषय लेदर सीट्सवर गेला.

त्याने नाही म्हणून कळवलं. तसंही हो म्हटलं असतं तरी लगेच सुटका नव्हती. डीजीसीएने २०१७ मध्ये को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटिशीचा नियम केला. 'राजीनामा तोंडावर फेकून आलो' वगैरे डायलॉग या धंद्यात चालत नाहीत!

त्याचं चुकलं का? माहीत नाही. पुढच्या पहाटे अडीचला कॅबमध्ये बसताना त्याला ती क्रीम कलरची सीट आठवली असेल, नक्की. कॅप्टन व्हायला अजून वर्षं आहेत. आणि एअरलाइन त्याला दर मंगळवार देईल, असंही नाही. पण कोणता मंगळवार मिळणार नाही, हे ती आधी सांगते. घरात आजारी माणूस असला की ही किती मोठी गोष्ट आहे, ते मशीनशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

आणि मंडळी, आपलं काय वेगळं आहे? मी फ्रीलान्सर. 'स्वतःची बॉस' म्हणून मिरवते आणि रात्री दहाला "उद्या सकाळपर्यंत मिळेल ना?" आलं की निमूट लॅपटॉप उघडते. तुम्ही नवीन जॉब घेताना काय विचारता? पॅकेज, डेसिग्नेशन, वर्क फ्रॉम होम किती दिवस, ऑफिसात कॉफी मशीन आहे का. मीही हेच विचारत आले. शनिवारी संध्याकाळी फोन आला आणि मी उचलला नाही तर काय होईल, हे मी आजवर कोणालाच विचारलेलं नाही. लेखी तर सोडाच!

या आठवड्यापासून मी एक वही केलीय. पहिल्या पानावर लिहिलंय: गुरुवार, सकाळी आठ ते दुपारी दोन, काम नाही. ज्यांच्यासाठी लिहिते त्या सगळ्यांना तसा मेलही केलाय. एकाचं उत्तर आलं, 'ओके'. दुसऱ्याचं अजून आलेलं नाही.

काल मंगळवार होता. काकांबरोबर दादा गेला होता. दुपारी त्याने फोटो पाठवला, लेदर सीट्सचा नाही. हिरव्या चादरीवर काका गाढ झोपलेले, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हात. खाली दादाचा मेसेज: "पुढच्या मंगळवारी मी इंदूरला. तू येशील?"

येईन. आत्ताच कळलंय ना, मग जमेल.