यंत्र आपले, चावी परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. मुदतवाढ दिली ती मर्यादित काळापुरती आणि कंपनीच्याच अटींवर. ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी उत्तम चालणारे असंख्य संगणक एका तारखेला ‘जुने’ ठरले. यंत्रात बिघाड झाला नव्हता, वापरणाऱ्याची गरजही बदलली नव्हती. बदलला तो केवळ मालकाचा हिशेब. ज्या वस्तूचे दाम आपण मोजले, ती केव्हा निकामी ठरावी हे दुसऱ्याने ठरवावे, यातला अन्याय समाजवादी कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. तरीही आपल्या कार्यालयांतून हा विषय ‘संगणकवाल्या मुलांचा’ म्हणून बाजूला सारला जातो. वस्तुतः तो साधनांच्या मालकीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, तिची रचना अभ्यासून बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यामागची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे : बदललेली प्रत जो वाटेल त्याने स्वतःला मिळालेले हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत. आपल्या शेतकऱ्याला हा फरक चटकन कळेल. घरचे बियाणे राखता येते, निवडून सुधारता येते, शेजाऱ्याला देता येते. पिशवीतल्या संकरित बियाण्यासाठी मात्र दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ‘आम्ही तरी विंडोजचे पैसे कुठे मोजतो? चोरीची प्रत चालवतो.’ हा युक्तिवाद फसवा आहे. चोरीच्या प्रतीने पैसे वाचतील, परंतु सवय मालकाचीच लागते. आणि सवय हेच त्याचे खरे भांडवल. प्रश्न फुकटाचा नाही, स्वाधीनतेचा आहे.

अर्थात, एकट्यादुकट्याच्या निवडीने ही स्वाधीनता टिकत नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक तिकडे नेले. २०१७ साली त्याच महापालिकेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. खेदाची गोष्ट अशी की, आरंभ करणारे आणि माघार घेणारे हे दोन्ही महापौर सोशल डेमोक्रॅटच होते. याउलट केरळचा अनुभव पाहा. तेथे २००१ मध्ये शालेय संगणक-शिक्षणाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. एका कंपनीच्या मालाभोवती गुंफलेल्या अभ्यासक्रमाला शिक्षकांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. पुढे सरकारी शाळांतील शिक्षण मुक्त प्रणालीवर आले. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडले, मल्याळम पाठ्यसाहित्य तयार झाले. सरकारे आली आणि गेली, व्यवस्था टिकली. वरून आलेला निर्णय वरूनच फिरवता येतो. ज्यांच्या हातांनी काम चालते त्यांनी आपलासा केलेला निर्णय सहसा फिरत नाही.

जे प्रणालीचे तेच महाजालाचे. वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेने कोणतेही स्वामित्वशुल्क न मागता सर्वांना खुले केले. कोणीही पान उभारावे, कोणीही त्याला दुवा द्यावा, अशी ती रचना. आज आपण मात्र आपली पत्रके, छायाचित्रे आणि चर्चा दोन-तीन कंपन्यांच्या आवारात नेऊन ठेवतो. आपले लिखाण कोणाला दिसावे हे तेथे जाहिरातीचे गणित ठरवते. ऑर्कुटवर मराठी मंडळींचे केवढे मोहोळ होते! २०१४ साली गूगलने ते बंद केले, आणि तेथील संवादाची घडी कायमची विस्कटली. मराठी मुद्रणाने हा धडा आधीही घेतला आहे. युनिकोडपूर्व काळात खासगी सांकेतिक रचनेच्या फाँटमध्ये जुळलेला मजकूर आज तो फाँट नसेल तर अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसतो.

एक सावधगिरीही हवी. मुक्त प्रणाली म्हणजे भांडवलशाहीतून मुक्ती नव्हे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना मोठ्या कंपन्याच वेतन देतात. गूगलचा अँड्रॉइडदेखील त्याच गाभ्यावर उभा आहे, आणि म्हणून तो फोन आपला होत नाही. सार्वजनिक विहीर खोदली म्हणजे पाण्याचे समान वाटप आपोआप होत नसते. परंतु विहीरच खासगी असेल तर वाटपाची मागणी करायलाही जागा उरत नाही. २०१६ साली फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेची वाट दूरसंचार नियामकाने भेदभावी दरांना बंदी घालून रोखली, ती लाखो नागरिकांनी लेखी विरोध नोंदवल्यानंतर. संघटित आग्रहाला यश येते, याचा हा आपल्याच देशातला पुरावा.

तेव्हा आरंभ आपल्या घरापासून व्हावा. जिल्हा कार्यालयांतील ‘बाद’ झालेले संगणक भंगारात देण्याआधी त्यांवर डेबियन किंवा लिनक्स मिंट चालवून पाहावे. पत्रव्यवहार, हिशेब, युनिकोड मराठीतील टंकलेखन ही कामे लिबरऑफिसमध्ये उत्तम होतात. प्रत्येक जिल्ह्यातून निदान दोन कार्यकर्ते त्यात तयार करावेत आणि त्यांनी इतरांना शिकवावे. शिबिरांची परंपरा आपल्याला नवी नाही. प्रत्येक ठराव, पत्रक आणि लेख प्रथम स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर यावा. नवे लिखाण वाचकाकडे थेट पोचवणारी ‘आरएसएस’ ही जुनी, साधी सोय तेथे असावी. नावसाधर्म्यामुळे कोणी बिचकू नये. व्हॉट्सॲपवर केवळ दुवा जावा. लोक जेथे आहेत तेथे आपण गेलेच पाहिजे. बाजारात सभा अवश्य घ्यावी; परंतु दप्तर मात्र बाजाराच्या मालकाच्या पेटीत ठेवू नये.

याने सत्तेचा तोल उद्याच बदलेल असा दावा नाही. कामात अडचणी येतील, एखादे छपाईयंत्र हट्टाला पेटेल, काही साथी कुरकुरतील. पण सामाजिक मालकीचा आग्रह धरणाऱ्या पक्षाने आपल्या मेजावरच्या साधनाबाबत तरी तो पाळून दाखवावा, एवढी अपेक्षा गैर नाही.