कोऱ्या पानासाठी वेबसाइट कशाला? पीडीएफ, पाठपोट छपाई आणि आपली कागदपत्रं

माझा एक कॉलेजमित्र जिल्हा न्यायालयात ज्युनिअर वकील आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "अरे, झेरॉक्सवाल्याने सगळा सेट पाठपोट काढला आणि वाट लागली. अर्ज सतराव्या पानावर संपतो आणि त्याच्याच मागे पहिलं परिशिष्ट छापलंय. प्रत्येक परिशिष्ट सुटं करून टॅग कसा लावू?"

यात झेरॉक्सवाल्याची चूक नव्हती. १७ पानांची फाइल संपली की पुढची फाइल अठराव्या पानावर, म्हणजे नवव्या कागदाच्या मागे येणारच. प्रिंटरला पानं कळतात, दस्तऐवज कुठे संपला ते कळत नाही. विषम पानांच्या प्रत्येक फाइलनंतर एक कोरं पान घातलं की प्रश्न संपतो.

ही अडचण आता जास्त का दिसते? सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली. कागद वाचवण्यासाठी हे योग्यच होतं. दुसरीकडे ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि ई-फायलिंगचा जोर वाढला. म्हणजे एकच दस्तऐवज स्क्रीनवरही नीट वाचता यायला हवा आणि पाठपोट कागदावरही. या दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. "आधी जोडल्या कशा?" असं मी विचारलं. त्याने गूगलवर सापडलेल्या एका फुकट साइटवर १४ फाइली चढवल्या होत्या. त्यात पक्षकाराचं आधार, बँकेचं स्टेटमेंट आणि हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर होते. साइट कुठल्या देशातली, फाइल किती वेळ ठेवते, कशाचाच पत्ता नाही. तो काही क्षण गप्प झाला आणि म्हणाला, "हे मी त्यांना सांगू का?"

सांगायला हवं, असं माझं मत आहे. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल कन्व्हर्टरबद्दल जाहीर इशारा दिला होता. काही साइट काम खरंच करून देतात, पण परत मिळणाऱ्या फाइलसोबत मालवेअर येऊ शकतं आणि चढवलेल्या फाइलमधली वैयक्तिक माहितीही उचलली जाऊ शकते, असा त्याचा आशय होता. सगळ्या साइट अशा नसतात. पण चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे रात्री साडेदहाला घाईत कळत नाही.

आणि हे काम इतकं लहान आहे की त्यासाठी इंटरनेट लागतच नाही. क्यूपीडीएफ नावाचं मोफत, ओपन सोर्स टूल आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायची. त्यात एका पर्यायाने फाइलची पानसंख्या कळते. दुसऱ्या पर्यायात "रिकाम्या फाइलपासून सुरुवात कर, अर्जाची सगळी पानं घे, मग कोऱ्या फाइलचं एक पान, मग पहिलं परिशिष्ट" अशी यादी द्यायची. शेवटच्या पानासाठी झेड हे अक्षर वापरायचं, म्हणजे पानं मोजत बसावं लागत नाही. कोरी फाइल वर्डमध्ये एकदाच बनवून ठेवा, मात्र ए-फोरच मापाची. लेटर किंवा लीगल मापाचं कोरं पान मध्येच आलं की काही प्रिंटर दुसऱ्या ट्रेमधला कागद मागत थांबतात.

मी त्याच्यासाठी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक फाइलची पानं मोज, दोनने भाग जात नसेल तर कोरं पान जोड. त्याच्या १४ फाइलींत ९ विषम निघाल्या. १६३ पानांची १७२ झाली, म्हणजे सेटमागे ८२ ऐवजी ८६ कागद. चार कागद जास्त, बस्स.

पहिल्या वेळी माझीही फजिती झाली. दहावं परिशिष्ट दुसऱ्याच्या आधी आलं! कॉम्प्युटर नावं अक्षरांनुसार लावतो, म्हणून १, १०, ११, मग २. नावात ०१, ०२ असं लिहिलं की गोंधळ मिटतो.

आता खरी मेख. कोरी पानं घातलेली तीच फाइल ई-फायलिंगला चढवली तर? अनुक्रमणिकेत "पान ४०" आणि स्क्रीनवर चाळिसाव्या जागी भलतंच पान. समोर न्यायाधीश स्क्रीनवर आणि वकील कागदावर, दोघं वेगळ्या पानांवर. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी फाइली जोडून पानांवर क्रमांक छापा, हीच प्रत ई-फायलिंगला. त्यानंतर ती परिशिष्टांनुसार सुटी करून कोरी पानं घाला, ही प्रत फक्त छपाईला. कोऱ्या पानावर क्रमांक नको. कार्यालयाची पद्धत वेगळी असेल, तर अर्थात तिचं ऐका.

आणखी एक सावधगिरी. डिजिटल सहीचा सातबारा अशा गठ्ठ्यात जोडला की नव्या फाइलमध्ये ती सही तपासता येत नाही, कारण सही मूळ फाइलवर असते. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपा.

साध्या स्कॅनरवाल्यांसाठी क्यूपीडीएफमध्ये कोलेट हा पर्याय आहे. आधी सगळ्या पुढच्या बाजू स्कॅन करा, गठ्ठा उलटा करून मागच्या करा. दुसरी फाइल उलट्या क्रमाने घेतली की पानं एकाआड एक बसतात. फक्त स्कॅनरमधलं "कोरी पानं वगळा" बंद ठेवा. मधली एक कोरी बाजू जरी गळली, तरी तिच्यापुढचं प्रत्येक पान चुकीच्या पाठीला चिकटतं.

मित्राने दुसऱ्या दिवशी पक्षकाराला फोन केला. ते आधी चिडले, मग म्हणाले, "बरं, पुढे काय करायचं ते सांगा." आधारचं बायोमेट्रिक लॉक आणि बँकेचे अलर्ट त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केले. स्क्रिप्ट आता ऑफिसच्या तीन कॉम्प्युटरवर आहे, आणि सीनियर वकिलांना ती खिडकीवाली हवी आहे. ती मी या रविवारी बनवतोय.